होम मैदानावर पाळणे लागतात तेव्हा

"उशीर तर झाला नाही ना ओ मॅडम?" मी समुपदेशक. क्रिकेट असो, खो-खो असो की पळणं, मुलाला खेळात घालायला उशीर झाला का, हाच प्रश्न घेऊन सोलापुरातले पालक माझ्याकडे येतात. त्यातले एक वडील विसरता येत नाहीत.

पोरगा दहा वर्षांचा, पळण्यात खरोखर चांगला. दोन महिन्यांपासून पहाटे उठलं की पोट दुखायचं, टाच दुखायची. "नाटकं करायलाय," वडील म्हणाले. मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. (दुखणं दिसलं की सरळ मनावर ढकलायचं, ही आमच्या व्यवसायातली खोड मला पटत नाही.) टाचेचं दुखणं खरं निघालं. या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग नाजूक असतो; पोटरीची ओढ सतत बसली की तो दुखावतो, विश्रांतीनं बरा होतो. पोटात मात्र काहीच सापडलं नाही.

सरावाचा हिशेब मांडला. सकाळी दीड तास, संध्याकाळी एक, सुट्टी नाही. आठवड्याला साडेसतरा तास! क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम आहे: मुलाचं वय जितकं, त्याहून जास्त तास आठवड्याला सराव नको, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी.

तिसऱ्या भेटीत पोराला विचारलं, "सगळ्यात मजा कधी येते रे?"

"गड्ड्यात." गड्डा म्हणजे होम मैदानावर भरणारी आमची सिद्धेश्वरांची जत्रा.

"पाळण्यात बसायला मिळतं म्हणून?"

"नाही. होम मैदानावर पाळणे लागतात ना, मग प्रॅक्टिस नसते. आम्ही बोळात लंगडी खेळतो."

वडील हसले, आणि मधेच थांबले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही ती शांतता मोडली नाही. एवढं तरी इतक्या वर्षांत शिकले आहे. दोन भेटी मी पोराची समजूत घालत बसले होते. गाठ बाजूच्या खुर्चीत होती.

"तुम्ही कधी पळायला लागलात?"

"एकविसाव्या वर्षी. पोलीस भरतीला. थोडक्यात हुकलं. लहानपणी कुणी पळवलं असतं तर..."

'झालंच पाहिजे' अशा हट्टातून त्रास वाढतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस म्हणायचे. मी त्यांच्या वळणाची, त्यामुळे माझा कान 'च'वर असतो. "हा खेळाडू झालाच पाहिजे" हे वाक्य वडिलांना वहीत 'च' गाळून लिहायला लावलं. "झाला तर मला फार आवडेल" इथवर यायला आणखी दोन भेटी गेल्या.

मग सुरुवात कधी करायची? पळणं, उड्या, चढणं, झेलणं यांना मुहूर्त लागत नाही. शाळकरी मुलाला रोज तासभर हवंच. सूचना नीट ऐकून तशी कृती करता येऊ लागली, साधारण सात-आठव्या वर्षी, की बैठका, बेडूकउड्या असे शरीराच्याच वजनाचे व्यायाम जाणकारासमोर सुरू करावेत. त्यानं उंची खुंटते हा गैरसमज आहे. ताकद आजमावायला जड वजन मात्र उचलू देऊ नये. मुली अकरा-बाराच्या, मुलं तेरा-चौदाची असताना उंची झपाट्यानं वाढते, तेव्हा दुखलं तर सराव कमी करायचा, दटावायचं नाही. जिम्नॅस्टिक्ससारखे थोडे खेळ सोडले तर पंधरापर्यंत दोन-तीन खेळ खेळू द्यावेत. आणि आपल्या गावच्या एप्रिल-मेमध्ये उन्हं चढायच्या आत घरी.

या घरात सराव आठ तासांवर आला. रविवारी फक्त लंगडी, बापासकट.

जानेवारीत वडिलांचा फोन आला. "गड्डा चालू आहे ओ मॅडम. आणि हा रोज विचारायलाय, मैदान मोकळं कधी होणार म्हणून."