सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला म्हणजे करिअर संपलं का?

प्रश्नाखालचा मजकूर लांबलचक आहे, सार एवढंच: जावाचं ट्रेनिंग झालं, बॅचमधल्या बहुतेकांना डेव्हलपमेंट मिळालं आणि तुझ्या वाट्याला एका बँकेचं प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे चालू सिस्टिम सांभाळायचं काम, आलं. सीनियर म्हणतात हे इंजिनिअरिंग नाही, फोन उचलायचं काम आहे, पळ; रील्सवाले म्हणतात पळ, घरी सांगायची लाज वाटते. राजीनामा देऊ का, आणि दिला तर बाँडचं (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही या कराराचं) काय?

देऊ नकोस. निदान लाजेपोटी तरी देऊ नकोस. (वयाने बराच लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.) मी हिंजवडीत वर्षानुवर्षं सपोर्टच करतोय, त्यामुळे निःपक्षपाती उत्तर हवं असेल तर दुसऱ्या कुणाचं वाच.

त्या रील्सबद्दल फार बोलत नाही. 'सपोर्टमध्ये असाल तर आजच बाहेर पडा' म्हणणाऱ्या माणसाच्या व्हिडिओखाली कोर्सची लिंक आहे का, तेवढं बघ. बहुतेक वेळा असते. पहिल्या शंभर जणांना सवलतही असते.

तुझ्या सीनियरचं वाक्य मात्र लागलं, कारण तेच वाक्य मी मावसभावाच्या तोंडून ऐकलंय, तेही लग्नघरात, चारचौघांत. "सपोर्ट म्हणजे इंजिनिअरिंग नाही रे, फोन उचलायचं काम ते." हा बंगळुरात एका प्रॉडक्ट कंपनीत असतो. मावशीच्या तोंडी त्याचं पॅकेज आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ झालंय.

डिसेंबर २०२१. मावसबहिणीचं लग्न, कराडला, रविवारी. घरूनच काम चालू होतं, म्हणून लॅपटॉप घेऊन शुक्रवारीच पोचलो. तारीख दहा. संध्याकाळी टीम लीडचा फोन, "लॉग फोर जेचं बघितलंस का?"

लॉग फोर जे काय ते तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलंच असेल: जावाच्या प्रोग्रामांत काय घडलं त्याची नोंद, म्हणजे लॉग, लिहिणारी लायब्ररी, तयार कोडचा संच. त्या दिवशी काय झालं होतं ते बहुधा सांगितलं नसेल. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात विशिष्ट आकाराची ओळ आली (डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत जेएनडीआय, म्हणजे दुसरीकडून काही शोधून आणायची जावाची सोय, आणि एक पत्ता), की ही लायब्ररी ती ओळ नुसती लिहून मोकळी होत नव्हती. ती त्या पत्त्यावर जायची आणि तिथून मिळालेला कोड आपल्याच सर्व्हरवर चालवायची. म्हणजे लॉगिनच्या खोक्यात कुणी नावाऐवजी ती ओळ टाकली आणि सर्व्हरने इमानदारीत 'असा युजर नाही' म्हणून तिची नोंद केली, की सर्व्हर परक्याच्या हातात. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकूनही हे जमत होतं. अलीबाबाच्या क्लाउड सिक्युरिटी टीममधल्या एकाने २४ नोव्हेंबरला अपाचेला, म्हणजे ही लायब्ररी ज्यांची त्या संस्थेला, गुपचूप कळवलं होतं. ९ डिसेंबरला ते ट्विटरवर आलं आणि सगळ्या जगाला कळलं. तीव्रता दहापैकी दहा. टीव्हीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी 'इंटरनेट धोक्यात' वगैरे चालवलं. एरवी मी अशा बातम्यांना हसतो, त्या वेळी हसलो नाही.

ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्या टीमांचा एकत्र फोन, सुरू झाला. क्लायंटचा प्रश्न एकच: हे आपल्याकडे कुठे कुठे आहे?

कॉलवर भरपूर माणसं, उत्तर कुणाकडेच नाही. ज्यांनी ती ॲप्लिकेशन्स लिहिली ते कधीच इथून मोकळे होऊन पुढच्या प्रोजेक्टवर गेले होते. आर्किटेक्टने चौकोन आणि बाण असलेलं एक देखणं चित्र शेअर केलं. अशा चित्रात जार फाइल (जावाच्या कोडचं गाठोडं) दिसत नाही. आणि ही लायब्ररी सरळ समोर थोडीच पडलेली असते? वॉरच्या (अख्ख्या ॲप्लिकेशनच्या गाठोड्याच्या) आत जार, त्या जारच्या पोटात आणखी एक जार, आणि तिचं नावही कुणीतरी बदलून ठेवलेलं.

माझ्याकडे एक एक्सेल शीट होती. प्रोजेक्टवर आल्यापासून भरत गेलो होतो: कुठला सर्व्हर, त्यावर काय चालतं, जावाचं व्हर्जन कुठलं, कुठल्या लायब्ऱ्या, रीस्टार्टला किती वेळ लागतो, आणि ते बंद पडलं तर कोण आरडाओरडा करतं. शेवटचा कॉलम सगळ्यात कामाचा. हे भरायला कुणी सांगितलं नव्हतं. 'हे बिलेबल नाही', म्हणजे क्लायंट याचे पैसे देत नाही, असं लीडने एकदा सुनावलंही होतं. त्या रात्री तीच शीट स्क्रीनवर होती आणि उजाडेपर्यंत कुणी मिटू दिली नाही. लीडला बिलेबलची आठवण नंतर कधी झाली नाही.

गंमत म्हणजे आमची काही ॲप्लिकेशन्स इतकी जुनाट होती की त्यांत लॉग फोर जेची पहिली पिढी होती. तिचा सपोर्ट अपाचेने ऑगस्ट २०१५ मध्येच बंद केलाय. दर ऑडिटमध्ये आम्ही त्यावरून शिव्या खायचो, आणि नेमकी तीच या भोकातून वाचली, कारण ते फीचर तिच्यात आलंच नव्हतं.

शनिवारी हळदीला मावसभावाने विचारलं, रात्रभर काय करत होतास? सांगितलं. तर म्हणतो, "त्यात काय एवढं? पोम फाइलमध्ये लायब्ररीच्या व्हर्जनचा एक आकडा बदलायचा, बिल्ड मारायचं, झालं." आणि मग ते फोन उचलायचं वाक्य. मामा हसले. मी गप्प बसलो, कारण कानात ब्रिज कॉल चालू होता आणि माझं नाव पुकारत होते.

तेव्हा राहिलेलं उत्तर आता देतो. आकडा बदलायला पोम फाइल, म्हणजे मूळ सोर्स, हाताशी तर हवी! अर्धी सॉफ्टवेअर्स व्हेंडरची, सोर्स त्यांच्याकडे, आणि व्हेंडर म्हणतोय सोमवारी कळवतो. डिसेंबर म्हणजे बँकेचा चेंज फ्रीझ (बदलबंदी), साध्या बदलालाही वरपर्यंत मंजुरी. रात्री पेमेंटचा बॅच (साचलेल्या पेमेंटचा एकत्र निपटारा) चालतो, तो निघाल्याशिवाय सर्व्हर पाडता येत नाही. निघाल्यावर सकाळच्या शाखा उघडेपर्यंत जेवढी फट मिळते तेवढ्यातच काय ते. मग आम्ही जार उघडून त्यातली ती एकच क्लास फाइल, जेएनडीआय लुकअपची, हाताने काढून टाकली, जार परत बंद केली, एकेक नोड (सर्व्हर) लोड बॅलन्सरमधून, म्हणजे काम वाटून देणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर काढून रीस्टार्ट केला, लॉग वाचला, नोड आत घेतला आणि पुढच्याकडे वळलो. सुरुवातीला एक सेटिंग बदललं तरी चालेल असं सगळीकडे लिहून येत होतं. ज्यांनी तेवढंच केलं त्यांना पुढच्या आठवड्यात कळलं की ते पुरत नाही. आकडा बदलून तरी कुठे भागलं? २.१५ आलं, त्यातही फट निघाली म्हणून २.१६, मग २.१७, आणि २८ डिसेंबरला २.१७.१. दर वेळी तीच शीट, तीच मंजुरी, तीच रात्र. ती लायब्ररी सांभाळणारे तरी कोण, नोकऱ्या सांभाळून फावल्या वेळात काम करणारी मूठभर माणसं. त्यांनाही जगभरातून शिव्या पडत होत्या.

रविवारी अक्षता टाकताना माझ्या एका कानात हेडफोन होता. तो फोटोत आलाय. मावशी अजून बोलून दाखवते.

बँकेचं काहीही गेलं नाही. आणि काहीही गेलं नाही, म्हणून मार्चच्या अप्रेझलमध्ये मला मधलं रेटिंग. 'नवीन काही डिलिव्हरी नाही.' त्याच वर्षी रिपोर्टच्या स्क्रीनचा रंग आणि बटणं बदलणाऱ्या टीमला स्टेजवर बोलावून अवॉर्ड दिलं. जेवण रंगलं की आचाऱ्याचं नाव होतं आणि मीठ कमी पडलं की वाढप्याला ऐकावं लागतं, तसलाच प्रकार. तुझ्याही बाबतीत हे होणार, धरून चाल. राजीनामा द्यायचाच झाला तर या कारणासाठी दे. ते कारण मला पटेल.

पण काम हलकं आहे म्हणून? २९ मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण वाच. जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर असलेल्या एका छोट्याशा लायब्ररीत कुणीतरी 'जिया टॅन' या नावाने दोन-अडीच वर्षं मन लावून काम केलं, सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला आणि मग मागचं दार बसवलं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंडने. मायक्रोसॉफ्टमधला, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस. कशावरून? एसएसएचच्या (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीच्या) लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खातोय, हे त्याला खटकलं आणि तो खणत गेला. सपोर्टमध्ये हेच खटकणं अंगी येतं. कोर्समध्ये ते विकत मिळत नाही.

किंवा १९ जुलै २०२४ घे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची सदोष अपडेट आपल्या वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या आत सुटली, अकराच्या आत मागेही घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आडवी झाली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. समाजमाध्यमांवर दिवसभर मीम. तिकडे जगभरची सपोर्टची पोरं मशीनमागून मशीन सेफ मोडमध्ये उघडून ती एक फाइल उडवत होती, आणि डिस्क लॉक असेल तर अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की टाइप करत होती. दुरुस्ती तयार होती, ती पोचवायला माणूसच जावा लागला.

आता तुझ्या कामाचं. लीडला पहिल्या महिन्यात एक गोष्ट विचार: मला कोड वाचायचा ॲक्सेस मिळेल का? वाचायचा, बदलायचा नव्हे. मिळत असेल तर हे तुझ्या बॅचमधल्या कुणाहीपेक्षा चांगलं प्रोजेक्ट आहे. नवं फीचर लिहिणाऱ्याला एक कोपरा दिसतो. तुला सगळी सिस्टिम दिसेल, तीही मोडलेल्या अवस्थेत. तिकीट (आलेल्या तक्रारीची नोंद) नुसतं बंद करू नकोस, तेच पुन्हा का येतं ते शोध आणि लिहून ठेव. गुगलने २००३ पासून सर्व्हर चालवण्याचं काम सॉफ्टवेअर इंजिनिअरांकडेच दिलंय, आणि त्यांच्या टीमांना नियम आहे की असलं हातकाम निम्म्या वेळेच्या वर जाऊ द्यायचं नाही, उरलेला वेळ ते काम कमी करणारा कोड लिहायला. आपल्याकडे निम्मा वेळ कुणी देणार नाही. आठवड्यातली एखादी दुपार मिळाली तरी स्क्रिप्ट लिहायला घे.

आणि जो बांधेल त्यानेच चालवायचं, हे ॲमेझॉनच्या व्हर्नर व्होगल्सनी २००६ मध्येच सांगून ठेवलंय. मावसभावाच्या कंपनीने ते आत्ता कुठे मनावर घेतलंय. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरून उठून तो चार्जर शोधत फिरत होता, ऑन-कॉल होता म्हणे, म्हणजे काही बिघडलं तर धावायची पाळी त्याची. मी काही बोललो नाही. मामांनीच विचारलं, "काय रे, फोन आला का?"

हे सगळं खरं असलं तरी सगळं सपोर्ट सारखं नसतं, तेही सांगायला हवं. पासवर्ड रीसेट करणं आणि तिकीट या टीमकडून त्या टीमकडे ढकलणं एवढंच असेल, तर तुझे सीनियर बरोबर आहेत. ते काम बॉटकडे चाललंच आहे. दीड-दोन वर्षांनंतरही कोड दिसला नसेल तर अंतर्गत बदली माग, नाही मिळाली तर बाहेर बघ. सतत रात्रपाळी असेल तर त्याआधीच बघ, मला पित्ताचा त्रास तिथूनच लागला. आणि ज्याला कोरी फाइल उघडून शून्यातून काही बांधायचीच हौस आहे त्याने इथे रमू नये, चिडचिड होते.

बाँडचं तुझं पत्र बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, इथे उत्तर देणाऱ्यांवर तर मुळीच विसंबू नकोस. रात्रपाळीचा आणि ऑन-कॉलचा भत्ता मात्र पॉलिसीत शोधून पहिल्याच महिन्यापासून क्लेम कर. मागचा भत्ता नंतर मागायला गेलास तर एचआरचं पोर्टल तारीख स्वीकारत नाही.