पोटाला पिशवी लागेल म्हणून ऑपरेशनच नको?

मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी जे पेशंट माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्यातल्या बऱ्याच जणांना कॅन्सरपेक्षा पोटावरच्या पिशवीची (शौच जमा व्हायला पोटाला चिकटवतात ती) भीती जास्त असते. मालवणकडचे एक काका आलेले, साठीच्या पुढचे, गुदाशयाचा कॅन्सर. रक्त पडायचं ते मूळव्याध समजून वर्षभर झाडपाला चालू होता, शेवटी कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघतात त्यात, गाठ दिसली. (शौचातून रक्त पडत असेल तर एकदा तपासून घ्या हो, प्लीज.) काका खाली बघत म्हणाले, "माका ती पिशवी नको. गणपतीत आरतीक कसो उभो रवतलंय?" सून म्हणाली, ऑपरेशन गणपतीनंतर बघू म्हणतायत, पण नंतर म्हणजे कधी ते काही सांगत नाहीत.

मी विचारलं, पिशवी कायमची की तात्पुरती? दोघांनाही माहीत नव्हतं. हे ऑपरेशनच्या आधी सर्जनना विचारायचंच. गाठ काढून आतडं खाली परत जोडतात, तो जोड भरेपर्यंत तिथून शौच जाऊ नये म्हणून बऱ्याचदा लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवतात, त्याला स्टोमा म्हणतात, त्यावर ही पिशवी लागते, आणि काही महिन्यांनी दुसरं छोटं ऑपरेशन करून ते आत घेतात, केमो चालू असेल तर जरा उशिरा. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत गेली असेल तर मात्र पिशवी बहुतेक कायमची. काकांची तात्पुरती निघाली, सुनेने जाऊन विचारून आल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

मग मी विचारलं, लुंगी नेमकी कुठे बांधता? ते चमकले, पण स्टोमाची जागा ऑपरेशनआधी बसवून, उभं करून, वाकवून पेनाने मार्क करतात. लुंगीची गाठ, साडीची निरी, पोटाची वळी यात ती आली की पिशवी सुटते, म्हणून हे तुम्ही स्वतःहून सांगा. स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर असतो, हात लावला तरी दुखत नाही. पिशवी नीट चिकटली असेल तर वास येत नाही, आंघोळ होते, सोवळंही नेसता येतं. देव आजारी माणसाला आरतीला उभं राहू देणार नाही असं मला तरी वाटत नाही, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं.

आपल्याकडे घामाने चिकटपट्टी लवकर सुटते, तेव्हा जादा पिशव्या जवळ असू द्या, आणि अर्धी भरायच्या आतच रिकामी करा. लहान आतड्याच्या स्टोमातून पाणी आणि मीठ दोन्ही खूप जातं. नुसतं पाणी किंवा शहाळं पुरत नाही, शहाळ्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ओआरएस घ्या, मीठ घातलेली पेज घ्या. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, चक्कर आली, लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांना फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका. सुरुवातीला फणस, मका, ओल्या खोबऱ्याचे तुकडे टाळा, अडकतात. मासे चालतात, काकांनी हे दोनदा विचारून घेतलं!

काकांनी ऑपरेशन गणपतीआधीच करून घेतलं आणि पिशवीही पुढे बंद झाली. बंद झाल्यावर सुरुवातीचे काही महिने दिवसातून बऱ्याचदा आणि घाईची शौचाला होते, ते बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, पण हेही आधीच माहीत असू द्या म्हणजे ऑपरेशन फसलं असं वाटत नाही.