दोनदा कट केलेला फोन

"मॅडम, परीक्षेत सगळं येत होतं. वॉर्डात उभी राहिले की हातपाय गळतात. माझी तयारीच झाली नाहीये का?"

कामाला लागून तीन आठवडे झालेली डॉक्टर हे विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नव्या डॉक्टरांचा हा प्रश्न मला आता पाठ झालाय.

नेमकं काय जमत नाही, ते तिला सांगायला लावलं. हिस्टरी घेणं, तपासणं जमत होतं. अडायचं ते डोस लिहिताना आणि पेशंट अचानक बिघडला की. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, आणि त्यात नवल नाही. शिकत असताना ऑर्डरखाली सही दुसऱ्याची असते.

मग त्या रात्रीचं निघालं. तीन वाजता सिस्टरने रिपोर्ट दाखवला: पोटॅशियम 6.8. नॉर्मल साधारण 5 पर्यंत; एवढं चढलं की हृदयाला धोका. ईसीजी काढायचा, कॅल्शियम द्यायचं, सगळं तिला ठाऊक होतं. तरी सरांचा नंबर लावून तिने दोनदा कट केला. "एवढंही येत नाही का, म्हणतील." शेवटी सिस्टरच म्हणाली, "डॉक्टर, लावा फोन." पेशंट सावरला. ही मात्र त्या दोन कट केलेल्या फोनपाशीच अडकली होती.

म्हणजे भीती पोटॅशियमची नव्हतीच. आपण तोतया आहोत, कधीतरी पकडले जाऊ, या भावनेला क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये 'इम्पोस्टर फिनॉमेनॉन' म्हटलं. मी तिला ते सांगितलं. तिने मान डोलावली, एवढंच. नाव कळलं म्हणून फोन थोडाच लागतो!

म्हणून आम्ही फोनचीच तालीम केली. काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने. अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली ही पद्धत 'एसबार' म्हणून ओळखली जाते. मी झोपमोड झालेला सर झाले. "सॉरी सर, उठवलं, म्हणजे तसं काही नाही, पण..." मी खोटा फोन आपटला. चौथ्या खेपेला आलं: "सर, बेड 12, पोटॅशियम 6.8, ईसीजीत टी वेव्ह उंच आहेत. कॅल्शियम सुरू करतेय. तुम्ही यायला हवं."

झोप, भूक, जगण्याची इच्छा याबद्दलही विचारलं. तिथे गडबड असती, तर तालमीवर न थांबता तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

दोन आठवड्यांनी ती आली. "परवा पुन्हा फोन करावा लागला. सर चिडले."

"मग?"

"मग आले."