नातू ‘यायलो’ लिहितो, टोकू का?

प्रश्न : नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मेसेज करतो ते इंग्रजी अक्षरांतून मराठी, आणि तेही ‘आजी, शनिवारी यायलो’ असलं. जन्मभर मराठी शिकवलं मी. टोकावं का त्याला?
– एक निवृत्त शिक्षिका, सेलू

उत्तर : बाई, या दोन तक्रारी आहेत. एकीत मी तुमच्या बाजूचा, दुसरीत नातवाच्या.

इंग्रजी अक्षरांची खोड जुन्या मोबाईलनं लावली. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं 160 मावायची, देवनागरी जेमतेम 70. पुढं गेलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. व्हॉट्सॲपवर ती अडचण नाही, पण बोटांना वळण लागून गेलं. त्यात मेला बिचारा आपला ‘ळ’. आमच्या घरच्या ग्रुपवर भाचीनं टाकलं, ‘वहिनीला के-ए-एल-ए सुरू’. काका विचारतात, सप्ता कधी बसला होता? त्यांना वाटलं काल्याचं कीर्तन. इकडं वहिनीला बाळंतपणाच्या कळा!

‘यायलो’चं मात्र मला कौतुक आहे. सेलू, लातूर, नांदेड, कुठंही जा, आपण असंच बोलतो. पण कागदावर हे येत नव्हतं. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत. 1948 नंतर मराठी आली ती ‘येत आहे’वाली. कथा-कादंबऱ्यांत थोडीफार आली आपली बोली, पण साधं खुशालीचं पत्रसुद्धा आपण पुस्तकी भाषेत लिहायचो. आता गावाकडचा ग्रुप उघडून बघा : ‘सोयाबीन काढायलो, आभाळ यायलंय, ताडपत्री कोणाकडं हाय?’ यात लाल शाई कुठं लावणार? तुमचा नातू होस्टेलवर ‘येतोय’ म्हणतच असेल. तुम्हाला ‘यायलो’ लिहितो, ते घरचं माणूस म्हणून.

तर बोलीला हात लावू नका, अक्षरांचं तेवढं बघा. शनिवारी आला की त्याच्या फोनमध्ये मराठी कीबोर्ड सुरू करायला लावा. इंग्रजी अक्षरं माझ्या डोळ्याला लागत नाहीत, असं खुशाल सांगा. तो बोलून टाइप करायची सोय दाखवील. माझ्या फोनवर तरी तिला ‘यायलो’ धड उमगत नाही. त्यामुळं तेवढं त्याला हातानंच लिहायला सांगा.