दोन फीडर, एकच शाफ्ट: वित्तसंस्थेच्या डेटा सेंटरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या वित्तसंस्थेला १ मेगावॉट आयटी लोडचं (सर्व्हरना लागणाऱ्या विजेचं) स्वतःचं डेटा सेंटर बांधायचं आहे. सल्लागार टियर ३ पुरेसं म्हणतात, संचालक मंडळ टियर ४ साठी अडून बसलं आहे. आपलं मत काय?

उत्तर: टियर म्हणजे बिघाड किंवा दुरुस्तीतही डेटा सेंटर किती चालू राहतं, याची १ ते ४ अशी श्रेणी. टियर ३ मध्ये कुठलंही एक यंत्र, पंप, पॅनेल किंवा केबल दुरुस्तीसाठी ठरवून बंद करता येते आणि सर्व्हर चालू राहतात. टियर ४ मध्ये तेच यंत्र अचानक बंद पडलं, तरी सर्व्हरना धक्का लागत नाही. त्यासाठी दुहेरी यंत्रणा मधे भिंत घालून वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात आणि थंडावा मधेच खंडित होऊन चालत नाही. माहितीपत्रकांत टियर ३ आणि ४ साठी वर्षातला किती वेळ सेवा चालू राहते, याचे ९९.९८२ आणि ९९.९९५ टक्के हे आकडे हमखास असतात. वर्षाला अनुक्रमे सुमारे ९५ आणि २६ मिनिटं बंद, असा त्यांचा अर्थ. पण एकच मोठा बिघाड दहा वर्षांचा हा हिशेब एका दुपारी संपवून टाकतो. टक्केवारीवर निर्णय घेऊ नका.

आम्ही टियर ३ च्या बाजूचे आहोत, फक्त टियर ४ मधली एक गोष्ट उचलाच: दोन्ही वीजवाटांमधली, म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ फीडरमधली, भिंत. वाचलेला पैसा दुसऱ्या जागच्या राखीव केंद्राकडे वळवा.

नकाशे मंजूर करण्यापूर्वी एक दिवस काढा. लाल आणि निळी पेन्सिल घ्या. ‘ए’ फीडर मीटर रूमपासून रॅकच्या (सर्व्हर ठेवायच्या कपाटाच्या) सॉकेटपर्यंत लाल रेघेने काढा, ‘बी’ निळ्या रेघेने. मग वीजच नव्हे, तर थंड पाण्याचे पाइप, फायबर, डिझेलची लाइन आणि कंट्रोल केबलसुद्धा तशाच रंगवा. लाल-निळं जिथे एका शाफ्टमध्ये (केबल-पाइप वर नेणाऱ्या पोकळीत), एका ट्रेवर किंवा एका दारामागे भेटतं, तिथे तुमची दुहेरी यंत्रणा एकेरी झालेली असते. बहुतेक वेळा ही जागा जिन्याशेजारचा उभा शाफ्ट निघते, कारण वास्तुविशारदाने एकच शाफ्ट दिलेला असतो आणि सगळे त्यातूनच वर जातात. कंट्रोल केबल मात्र कुणी तपासत नाही. दोन्ही जनरेटरना ‘सुरू हो’ सांगणारा कंट्रोलर एकच असेल, तर जनरेटर दोन असून उपयोग काय?

दुसरी चूक इमारत वापरात आल्यावर होते. ए आणि बी, दोन्ही यूपीएसवरचा भार ५० टक्क्यांच्या आत हवा. ४० वर पोहोचला की सावध व्हा. दोन्हीकडे ६० टक्के झाले आणि ए पडला, तर बी वर १२० टक्के भार येतो आणि तोही हात टेकतो. हा भार दर महिन्याला एखाद-दुसरा रॅक वाढून हळूच चढतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हरच्या दोन्ही वायर एकाच पट्टीत खोचलेल्या असणं हाही नेहमीचा प्रकार. उपाय साधा आहे: सर्व्हर कामाला लावण्यापूर्वी आधी एक वायर काढून पाहा, ती परत लावा, मग दुसरी काढून पाहा.

प्रश्न: बॅटरी किती मिनिटांची आणि डिझेल किती लिटर ठेवावं?

उत्तर: जनरेटर सुरू होऊन भार घ्यायला साधारण १० ते १५ सेकंद लागतात. तरी बॅटरी १० मिनिटांची घ्या, म्हणजे पहिला जनरेटर अडला तर दुसऱ्याला वेळ मिळतो. बॅटरी कमी पडते ती बहुधा उष्णतेमुळे. लेड-ॲसिड बॅटरीची खोली २५ अंशांच्या आसपास ठेवा. तापमान ८ ते १० अंशांनी चढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं.

डिझेलचा हिशेब असा. सर्व्हर १ मेगावॉट, थंडावा आणि इतर धरून इमारत १.५ मेगावॉट. ४८ तासांत ७२,००० युनिट. मोठा जनरेटर बऱ्यापैकी भारावर असताना एका युनिटला सुमारे ०.२७ लिटर खातो, म्हणजे १९,४०० लिटर. टाकीच्या तळाचं तेल वापरता येत नाही, म्हणून २२,००० लिटर धरा आणि ते दोन टाक्यांत विभागा. टियरच्या नियमात १२ तासांचा साठा पुरतो. पूर आला आणि टँकर अडकला, तर नाही पुरत.

टाकीइतकाच तिचा पंप महत्त्वाचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला शिरलं, तेव्हा काही इमारतींत जनरेटर वरच्या मजल्यांवर सुखरूप होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. एका इमारतीत माणसांनी जिन्यावर रांग लावून बादल्यांनी १७ मजले डिझेल वर नेलं. साठवण खाली असेल, तर पंप आणि त्याचं पॅनेल पूरपातळीच्या वर किंवा पाणी न शिरणाऱ्या खोलीत हवं.

आणखी एक. दर महिन्याला जनरेटर नुसता रिकामा फिरवू नका. ३० टक्क्यांहून कमी भारावर डिझेल नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काळं चिकट तेल साचतं, आणि खऱ्या वेळी इंजिन पूर्ण भार उचलत नाही. भार नसेल तर लोड बँक (कृत्रिम भार देणारं यंत्र) जोडा.

प्रश्न: मी वास्तुविशारद आहे. चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्रांचे) पंप आणि हवेचे पंखे यूपीएसवर घ्या, शिवाय थंड पाण्याच्या टाकीला जागा द्या, असा ग्राहकाचा आग्रह आहे. वीज तर १५ सेकंदांत परत येते. एवढी जागा खरंच लागते का?

उत्तर: लागते, आणि ग्राहकाचं बरोबर आहे. वीज १५ सेकंदांत येते, पण चिलर लगेच थंड करत नाही. बंद पडलेला कॉम्प्रेसर पुन्हा पूर्ण ताकदीला यायला कित्येक मिनिटं घेतो. आता आकडे पाहा. ४०० चौरस मीटर आणि ४ मीटर उंच दालनात १,६०० घनमीटर हवा, म्हणजे सुमारे १,९०० किलो. १ मेगावॉट उष्णता फक्त या हवेत गेली, तर ती दर सेकंदाला अर्ध्या अंशाने तापेल. भिंती आणि लोखंड थोडी उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, पण तरीही हातात असतात ती मिनिटंच. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ठेवायचे असतात. त्याच्या फार वर गेलं की सर्व्हर स्वतःच बंद होतात.

दहा मिनिटं निभवायला ६० कोटी ज्यूल उष्णता पाण्याने घ्यायला हवी. पाणी ६ अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर सुमारे २४,००० लिटर लागतं. तेवढ्या पाण्याचंच वजन २४ टन. ती टाकी गच्चीवर नेणार असाल, तर स्ट्रक्चरल अभियंत्याला पहिल्याच बैठकीला बोलवा. दालनाच्या स्लॅबलाही चौरस मीटरमागे १.२ टनांची क्षमता ठेवा; भरलेला रॅक एक टनाच्या पुढे सहज जातो.

टाकी बांधली तरी तिचे व्हॉल्व्ह विसरू नका. १४ ऑक्टोबर २०२३ ला सिंगापूरमध्ये एका डेटा सेंटरच्या थंड पाण्याच्या यंत्रणेत ठरवून सुधारणा चालू होती. कंत्राटदाराच्या चुकीच्या संदेशाने बफर (थंड पाण्याच्या साठ्याच्या) टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद झाले, दालनं तापली, आणि डीबीएस व सिटीबँकेचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार अडले. असे व्हॉल्व्ह एकाच आदेशाने एकत्र बंद होता कामा नयेत, आणि वीज किंवा सिग्नल गेल्यावर ते उघडेच राहतील असे घ्यावेत.

प्रश्न: गॅसची अग्निशमन यंत्रणा बसवली की पुरे ना?

उत्तर: सर्व्हरच्या दालनात, लवकर लागलेल्या छोट्या आगीला, बहुतेक वेळा पुरे. बॅटरीला नाही. लिथियम बॅटरी एकदा आतून पेटली की ती स्वतःच उष्णता आणि ज्वलनशील वायू तयार करते. गॅसने ज्वाळा दबली तरी आतली उष्णता उतरत नाही. ती उतरवायला पाणीच लागतं, तेही भरपूर. १५ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियात पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये तळघरातल्या बॅटऱ्या पेटल्या. पाणी मारायला साऱ्या इमारतीची वीज तोडावी लागली, आणि काकाओ या तिथल्या मेसेजिंग कंपनीच्या सगळ्या सेवा पूर्ववत व्हायला पाच दिवसांहून जास्त गेले. म्हणून बॅटरी खोली यूपीएसपासूनही वेगळी, दोन तास आग रोखणाऱ्या भिंतींची, पाण्याचा निचरा असलेली आणि बाहेरून थेट प्रवेशाची ठेवा. ए आणि बी च्या बॅटऱ्या शेजारी-शेजारी तर मुळीच नकोत.

गॅसचाही आवाज असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये रोमानियात बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या केंद्रात अग्निशमनाची चाचणी घेताना गॅस इतक्या कर्कश आवाजाने सुटला की हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि सेवा सुमारे १० तास बंद राहिल्या. कमी आवाजाचे नोझल मागा आणि ते रॅकपासून दूर लावा.

प्रश्न: बाहेर कुंपण, कॅमेरे, पहारा सगळं आहे. सुरक्षेत काय राहून जातं?

उत्तर: भिंतीचा वरचा भाग. दालनाची भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबली, तर शेजारच्या कचेरीतून एक टाइल सरकवून माणूस आत उतरतो. भिंत स्लॅबपासून स्लॅबपर्यंत घ्या, रेझ्ड फ्लोअरच्या (उचललेल्या खोट्या फरशीच्या) खालीसुद्धा. माणूस शिरेल एवढ्या डक्टला गज लावा. दोन दारांच्या मधली कोठडी एका वेळी एकच माणूस सोडेल अशी हवी. आग लागल्यावर कुठलं कुलूप आपोआप उघडणार, हे अग्निशमन आणि सुरक्षा दोघांनी एकाच टेबलावर बसून ठरवावं. ग्राहकांच्या डेबिट-क्रेडिट कार्डांचा डेटा असेल, तर दाराची नोंद किंवा कॅमेऱ्याचं चित्रण किमान तीन महिने ठेवावं लागतं.

प्रश्न: दुसरं केंद्र किती लांब असावं?

उत्तर: फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोमीटरवर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद, आणि प्रत्येक व्यवहार त्या उत्तरासाठी थांबतो. दोन्हीकडे एकाच क्षणी नोंद हवी असेल, तर त्याच्या आत राहा. पण त्याच नदीच्या, त्याच सबस्टेशनच्या छायेत नको. आवारातच बॅकअप तर अजिबात नको: मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची इमारत जळाली, तेव्हा बॅकअप त्याच आवारात असलेल्या अनेक ग्राहकांचा डेटा गेला.

अंतर साधलं तरी बदलीचा सराव हवा. सिंगापूरच्या त्या घटनेत दोन्ही बँकांनी राखीव केंद्राकडे जाण्याचा प्रयत्न केला, पण एकीकडे नेटवर्कची मांडणी चुकलेली होती आणि दुसरीकडे जोडणीच नीट होईना. इमारत ताब्यात घेताना लोड बँकने पूर्ण भार द्या, मुख्य वीज खरोखर तोडा, आणि चार तास सगळं चालू द्या. मग ए चा मुख्य ब्रेकर पाडा. कंत्राटदार ‘उद्या करू’ म्हणाला, तर शेवटचं बिल त्या उद्यापर्यंत थांबवा.