ट्रॅकवरच्या पोलोला कोणते बुश?

प्रश्न : माझी फोक्सवॅगन पोलो रोज पुण्यात चालते आणि वर्षातून दोनतीनदा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर जाते. जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग भरकटतं. सस्पेन्शनच्या सांध्यांतले सगळे रबरी बुश पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) करू का?

उत्तर : सगळे नकोत. आधी पुढच्या लोअर आर्मचा (पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) मागचा बुश बघा. ब्रेकचा मोठा भार त्यावर येतो; रबर फाटलं की आर्म मागे सरकतो, टो (चाक आत किंवा बाहेर वळल्याचा कोन) बदलतो आणि गाडी भरकटते. पहारीने आर्म हलवला की चीर उघडलेली दिसते. तिथे ८० ते ८५ शोर ए (हे कडकपणाचं माप; आकडा मोठा तितका बुश कडक) कडकपणाचा पॉलियुरेथेन बुश घाला. ९५चा घेतलात तर पुण्यातले खड्डे थेट हाताला कळतील. स्फेरिकल बेअरिंग (बुशऐवजी बसवायचा धातूचा गोल सांधा) धुळीपाण्यात लवकर खुळखुळं होतं, ते निव्वळ रेसच्या गाडीलाच शोभतं.

मागच्या टॉर्शन बीमला (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या, पीळ घेणाऱ्या आडव्या दांड्याला) मात्र चांगलं नवं रबरच ठेवा. तिथला बुश तिरकाही वळावा लागतो. कडक घातला तर बीम अडखळतो.

पॉलियुरेथेनला सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर तो कुरकुरतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. नव्या बुशबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात, असं आमचं ठाम मत आहे. कोन देऊन (म्हणजे घट्ट केल्यावर आणखी ठरावीक अंश फिरवून) आवळायचे बोल्ट नवेच वापरा. चाकांचं अलाइनमेंट शेवटी.