पाठीतील पाणी आणि रक्त, दोन्हींतील साखर एकाच वेळी तपासावी

ताई, तुमच्या 14 महिन्यांच्या बाळाला पहाटे दूध घेण्यापूर्वी झटके येतात आणि डॉक्टरांना ग्लुट-1 कमतरतेची शंका आहे. पाठीतले पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढल्यास मूल लुळे पडेल या घरच्यांच्या भीतीमुळे केवळ जनुक तपासणीवर भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मुलीला हाच आजार आहे. माझे मत असे की जनुक तपासणी अवश्य करावी, परंतु पाण्याची तपासणी टाळू नये.

रक्तातील साखर मेंदूपर्यंत नेणारे ग्लुट-1 हे प्रथिन या आजारात अपुरे पडते, म्हणून रक्तातील साखर उत्तम असूनही मेंदू उपाशी राहतो. हा उपास रक्तात नव्हे, पाठीतील पाण्यात दिसतो. एरवी त्या पाण्यातील साखर रक्तातील साखरेच्या सुमारे 0.6 पट असते. या मुलांत ते प्रमाण बहुधा 0.45 च्या खाली येते. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरातही पाण्यातील साखर उतरते, पण तेव्हा पाण्यातील पांढऱ्या पेशी आणि लॅक्टेट (साखर मोडल्यावर बनणारे द्रव्य) वाढलेले असतात. ग्लुट-1 कमतरतेत पेशी वाढलेल्या नसतात आणि लॅक्टेट कमी किंवा सामान्य असते. म्हणून लॅक्टेटही मागून घ्यावे. हा अहवाल काही तासांत मिळतो. जनुकाच्या अहवालाला आठवडे लागतात आणि काही मुलांत तो निर्दोष येऊनही आजार असतो. बहुतेक मुलांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, तेव्हा कोणाच्या घराण्यातून आला हा वाद घरात होऊ देऊ नका.

आमची चूक सांगतो. पहिल्या वेळी एका रुग्णालयात पाणी काढले, पण रक्त घेतले दुसऱ्या दिवशी, त्यामुळे तुलनाच करता आली नाही आणि दोन महिन्यांनी मुलीला पुन्हा सुई सोसावी लागली. चार ते सहा तासांच्या उपासानंतर आधी रक्त घ्यावे आणि लगेच पाणी काढावे, कारण सुईच्या भीतीने व रडण्याने रक्तातील साखर चढते. दुसऱ्या वेळी मुलीच्या रक्तात 90 आणि पाण्यात 33 साखर होती, म्हणजे प्रमाण 0.37. गोव्यातील साखळी गावाहून बांबोळीच्या रुग्णालयात उपाशी बाळ घेऊन जाण्यापेक्षा आदल्या रात्री दाखल होणे मला सुरक्षित वाटते. उपासातच तर झटके येतात.

आजीबाईंना एवढे सांगा की सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली टोचतात. डोके दुखू शकते, पाठही दुखते, पण मूल लुळे पडेल ही भीती नको.

निदान पक्के झाल्यास किटोजेनिक आहार (भरपूर चरबी, पिष्ट आणि साखर अगदी कमी) सुरू करतात, कारण चरबीपासून बनणारी किटोन द्रव्ये दुसऱ्या वाटेने मेंदूत शिरतात. आमच्या घरी खोबरेल तेल आणि नारळाचे दूध त्याकामी आले, शीत (भात) मात्र जवळजवळ सुटले. हा आहार तपासणीपूर्वी किंवा स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नका; आणि फेनोबार्बिटोन हे झटक्यांचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आजच विचारा, कारण ते ग्लुट-1 चे काम आणखी मंदावते.